रुखवतातलं वृंदावन

बिस्किटाच्या चारही भिंती टेबलावर निवत होत्या. गरम असताना हात लावायचा नाही, मोडतील, असं मी स्वतःला पाचव्यांदा बजावत होते. तेवढ्यात पायरीवर चपला वाजल्या आणि दारात इंदुमतीबाई पिसाळ उभ्या राहिल्या.

"आहात का घरात, रणवरेवहिनी? वासावरनंच आले बघा. पत्ता विचारावा लागला न्हाई."

मी हातातलं फडकं भिंतींवर टाकलं, पण उशीर झाला होता. बाईंची नजर माझ्या फडक्याच्या आधी टेबलावर पोचली होती.

"काय चाललंय?"

"मोसमाचं आपलं. एकीचं रुखवत आहे."

"कुणाचं म्हणायचं?"

"बाहेरगावचं."

खोटं बोलायला मला पहिल्यापासून फार वेळ लागत नाही. आठ दिवसांनी याच इंदुमतीबाईंच्या धाकट्या मुलाचं लग्न होतं. फडक्याखाली होतं ते त्यांच्याच होणाऱ्या सुनेच्या, वैजयंती बर्गेच्या रुखवतातलं तुळशीवृंदावन.

ही गोष्ट शहाण्णव सालची, फलटणची. माझ्याकडे तेव्हा गोल ॲल्युमिनियमचा, वर काच बसवलेला ओव्हन होता. त्यात एका वेळी चोवीस नानकटाया मावायच्या. वर्षभर नानकटाई, जिऱ्याची बिस्किटं आणि वाढदिवसांचे केक चालायचे, पण खरी धांदल चैत्र-वैशाखात. मुलींच्या आया यायच्या. अनारसे-चिरोटे आता जुने झाले, रुखवतात ओव्हनमधलं काहीतरी पाहिजे म्हणायच्या. मी बिस्किटाचे मोर केले, पाळणे केले, एकीला तर चार चाकांची बैलगाडी करून दिली. वस्तू मांडवात पोचली की तिच्यापुढे कार्ड लागायचं, 'चि. सौ. कां. अमुक हिच्या हातचे'. त्या मोसमात माझ्या दोन हातांना बावीस नावं होती.

मी वही ठेवत असे. वहीत तीन रकाने होते: आईचं नाव, वस्तू, आणि कार्डावर लागणारं मुलीचं नाव. चौथा रकाना मी माझ्या करमणुकीसाठी आखला होता, 'मुलीला खरं काय येतं'. त्यात बहुतेक ठिकाणी 'चहा' असं लिहिलेलं होतं. वही कपाटात असायची आणि तोंड बंद. म्हणून तर आया माझ्याकडे येत.

इंदुमतीबाईंनी स्टूल ओढून घेतलं. भजनी मंडळाच्या त्या अध्यक्ष. गावात त्यांना 'नाही' म्हणणारं माणूस मी अजून पाहिलेलं नव्हतं, त्यात त्यांचे यजमानही आले.

"पाणी आणू का?"

"पाणी नको, काम आहे. तुम्ही माझ्याबरोबर लग्नाला यायचं."

"पत्रिका आलीय की. येणारच आहे."

"तसं न्हाई हो. माझी म्हणून यायचं. रुखवत बघायला मला बोलवतील, तेव्हा तुम्ही माझ्या शेजारी उभं राहायचं. मुलीच्या हातचं कुठलं आणि विकतचं कुठलं ते मला सांगायचं. तुमच्याइतकी नजर गावात कुणाला हाय?"

मी तोंडावर हसू ठेवलं.

"एवढं कशाला, इंदुताई? रुखवत म्हणजे आपली हौस."

"हौस!" त्या म्हणाल्या. "आमच्या थोरलीच्या रुखवतात नऊ मजली चकल्यांचा मनोरा होता. आठवतोय का? गाव लोटलं होतं बघायला. मी मिरवले, माझी सून असली तसली म्हणून. आणि घरी आल्यावर पोरगीनं पहिल्याच दिवशी तांदूळ न धुता चुलीवर टाकला. शैला वाईट नाही, गुणाची हाय. पण दोन वर्षं झाली, मंडळात बायका मला विचारत्यात, 'काय अध्यक्षबाई, मनोरा काय म्हणतोय?'"

मला हसू आवरायला ओठ चावावा लागला.

"येत नसलं तर मी शिकवीन," बाई बोलत राहिल्या. "फसवलं त्याचं लागतंय. यंदा खोटं निघालं तर मी मांडवातच विचारणार, चारचौघींदेखत, 'का गं, हे तूच केलंस का?' असं. मनात ठेवून पोरीला वर्षभर घालूनपाडून बोलण्यापेक्षा तिथंच मोकळं झालेलं बरं."

बोलता बोलता त्यांनी फडक्याचा कोपरा उचलला, भिंतीतून कापून काढलेला खिडकीचा तुकडा बाजूला पडला होता तो तोंडात टाकला, आणि डोळे मिटून चघळला.

"हे मात्र झकास झालंय. कुणाचं का असंना."

मी येते म्हणाले. नाही म्हटलं असतं तर का नाही, ते सांगावं लागलं असतं.

त्याच दुपारी मी बर्ग्यांकडे गेले. रोहिणीबाई, म्हणजे वैजयंतीची आई, ऐकताऐकता खाली बसल्या.

"अगं बाई! मग वृंदावन रद्दच करू या."

"आणि टेबलावर नुसते पापड-कुरडया मांडणार? त्यांना तुम्ही काय सांगितलंय आधी?"

रोहिणीबाईंनी पदर बोटाला गुंडाळला. "पाहण्याच्या दिवशी बोलण्याच्या भरात म्हणून गेले हो. ओव्हनमधलं सगळं करते म्हटलं."

"आई, आपल्या घरात ओव्हनच नाहीये," वैजयंती कोपऱ्यातून म्हणाली. ती पोस्टात नोकरीला होती. बोलायची कमी, बघायची जास्त. अशा मुली मला नेहमीच धोक्याच्या वाटतात.

"तू गप गं. मांडवात विचारलं तर काय करायचं आता?"

उपाय मीच सुचवला. इंदुमतीबाईंना मी सांभाळीन, मुलीच्याच हातचं म्हणून छातीठोक सांगेन. पण त्यांनी मुलीला आडवं विचारलं तर तिला उत्तरं यायला हवीत. तेव्हा वैजयंतीनं पोस्टातून सुटल्यावर तीन दिवस माझ्याकडे यावं.

पहिल्या संध्याकाळी मीच इंदुमतीबाई झाले. कमरेवर हात ठेवून विचारलं, "काय गं, नानकटाईला तूप किती घातलंस?"

"मैद्याच्या निम्म्याहून थोडं जास्त."

"चुकलं. 'अंदाजानं' म्हणायचं. जिला खरंच येतं ती बाई माप कधी सांगत नाही. तूप फेसलंस कशानं?"

"तळहातानं. परातीत."

"किती वेळ?"

"पांढरं होईपर्यंत."

"हात भरून येईपर्यंत, असं म्हण. आणि म्हणताना खांदा चोळ."

तिनं खांदा चोळला. डावा.

"उजवा चोळ, बाई! तू काय डावखुरी आहेस?"

ती हसायला लागली. "काकू, खोटं बोलायला एवढा अभ्यास?"

"खोट्यालाच लागतो. खऱ्याला कशाला लागेल?"

तिनं मनगटावरचं घड्याळ काढून खिडकीत ठेवलं. "त्यापेक्षा एकदा करूनच बघते. तूप कुठं आहे?"

मे महिन्यातला उकाडा. तिनं फेसायला घेतलेलं तूप फुलायच्या ऐवजी पातळ होऊन परातभर पळायला लागलं. परात गार पाण्यावर ठेवायची असते हे मी सांगितलं, पण मुद्दाम उशिरा. पहिल्या घाण्याच्या नानकटाया ओव्हनमध्ये पसरून एकमेकींना मिठ्या मारून बसल्या. चोवीस घातल्या होत्या, एक निघाली. दुसऱ्या दिवशी खालून कोळसा झाला. मी म्हटलं, "राहू दे, तुला उत्तरं येतायत तेवढी पुरेत." ती म्हणाली, "उद्या येते."

तिसऱ्या दिवशी आम्ही वृंदावन उभं केलं. भिंती तिनं धरायच्या आणि सांध्यात साखरेचा उकळता पाक मी सोडायचा. पाक आळेपर्यंत भिंत तसूभर हलता कामा नये. तिनं श्वास रोखून ती धरली. वर हिरव्या रंगात घोळलेल्या खोबऱ्याच्या किसाची तुळस लावली. मागे सरकून बघितलं तर खरोखर, माझंच मला कौतुक वाटलं.

"हे मला कधी येईल, काकू?"

"दहा वर्षांनी. त्यातली पाच भाजणं कळण्यात जातील."

"आणि तोवर माझं नाव याच्यावर."

"सगळ्यांचंच असतं." मी पाकाचं भांडं भिजत घातलं. तिची धास्ती कमी व्हावी म्हणून मी तिला नऊ मजली चकल्यांच्या मनोऱ्याची गोष्ट सांगितली, शैलाच्या न धुतलेल्या तांदळासकट. मला वाटलं हसेल.

"त्या शैलावहिनींना," ती म्हणाली, "गेल्या दोन वर्षांत कुणी विचारलं का, तुम्हाला काय येतं म्हणून?"

"मला काय माहीत?"

"नसेलच विचारलं. सगळ्या मनोऱ्याचंच विचारत असणार."

मग ती तिच्या तिसऱ्या घाण्याकडे वळली. या वेळी नानकटाया सुट्या निघाल्या होत्या. एक बाजू तांबूस, एक पांढरी, काही तडकलेल्या, काही टोपी वाकडी घातल्यासारख्या. एक मी चावून बघितली. चव होती, पण दाताला आव्हान होतं.

"मांजराला घाल," मी सांगितलं.

"असू देत. नेते घरी." तिनं त्या डब्यात भरल्या. ती गेल्यावर मी वही काढली आणि चौथ्या रकान्यात लिहिलं, 'नानकटाई, वाकडी'. त्या मोसमात चहाच्या पुढे गेलेली ती एकटीच.

लग्नाच्या दिवशी इंदुमतीबाईंनी मला कार्यालयाच्या दारातच मनगटाला धरलं ते सोडलंच नाही. जरीचं लुगडं, नाकात नथ, आणि चष्मा नाही.

"आमच्या यजमानांनी कुठल्या तरी आहेराच्या पिशवीत ठेवला. कुठल्या ते त्यांनाच ठाऊक न्हाई. तुम्हीच आज माझे डोळे."

वैजयंती आत गौरीहर पुजायला बसली होती. रोहिणीबाईंनी विहिणीला हळदकुंकू लावलं, गजरा दिला आणि "चला, रुखवत बघायला चला," म्हणून पुढे झाल्या. मागे वीस-पंचवीस बायकांचा घोळका. रोहिणीबाईंनी माझ्याकडे बघून मान किंचित हलवली, मी पापणी मिटली. ठरलं होतं तसं सगळं चाललं होतं.

भिंतीला लागून लांब टेबल होतं. रंगीत कुरडया, लोकरीची कुत्री, मोत्यांची महिरप. मधोमध माझं वृंदावन, दिव्यांच्या उजेडात सांध्यातला पाक चमकत होता. दहा पावलांवरच इंदुमतीबाई थांबल्या.

"ते मधलं काय हाय? बोला."

"वृंदावन. बिस्किटाचं."

"विकतचं?"

"छे हो! मुलीच्याच हातचं. बघताक्षणी कळतंय. सांधे बघा कसे निगुतीनं भरलेत. ती तुळस बघा. धंद्यासाठी करणारी बाई एवढा जीव ओतत नाही."

खोटं सांगत नाही, हे बोलताना मला मजा आली. स्वतःच्या कामाची एवढी तारीफ दुसऱ्याच्या नावानं का होईना, पण उघड मी पहिल्यांदाच करत होते. बाईंचा चेहरा सैल झाला. दोन वर्षं आवळून धरलेलं काहीतरी त्यांनी सोडलं. त्या मागे वळल्या.

"ऐकलं का गं बायांनो? रणवरेवहिनी सांगत्यात. पोरीच्या हातचं हाय!"

मग आम्ही टेबलाजवळ गेलो आणि मला कार्ड दिसलं.

वृंदावनापुढे पोस्टातल्या फॉर्मवर असतं तसलं गोल, सुटं अक्षर होतं. 'सौ. सुलभा रणवरे, शुक्रवार पेठ, यांनी केले.'

त्याच्या शेजारी स्टीलची छोटी ताटली, तिच्यात त्याच वाकड्या नानकटाया, आणि तिलाही एक कार्ड.

रोहिणीबाईंनी ते माझ्याबरोबरच वाचलं असावं, कारण त्यांच्या हातातलं हळदकुंकवाचं तबक कलंडलं. वैजयंतीच्या चुलतभावानं लिहिलेलं कार्ड पोरीनं सकाळी कधीतरी बदललं होतं.

"चिठ्ठीवर काय लिहिलंय?" इंदुमतीबाईंनी विचारलं. "वाचा की."

रोहिणीबाईंचा हात टेबलाकडे सरकत होता. आणखी दोन क्षणांत कार्ड त्यांच्या मुठीत गेलं असतं. त्या माझ्याकडे बघत होत्या. बाईंना चष्म्याशिवाय अक्षर दिसत नव्हतं, मागच्या बायका अजून मागेच होत्या. मला फक्त नेहमीचं वाक्य म्हणायचं होतं, 'चि. सौ. कां. वैजयंती हिच्या हातचे'. बावीस वेळा लिहिलेलं मी पाहिलं होतं. झोपेतही म्हटलं असतं. इतकं सोपं खोटं माझ्यापुढे कधी आलं नव्हतं.

पण ते म्हटलं तर आत गौरीहरापुढे बसलेली पोरगी खोटी ठरत होती, आणि तिनं तर खरं लिहिलं होतं.

"सौ. सुलभा रणवरे," मी वाचलं. आवाज माझाच, पण परका वाटला. "शुक्रवार पेठ. यांनी केले."

इंदुमतीबाईंनी माझं मनगट सोडलं.

"म्हणजे तुम्ही."

"म्हणजे मी."

"मग आत्ता सांगितलंत ते?"

"खोटं."

"आणि त्या दिवशी बाहेरगावचं म्हणून झाकलंत ते?"

"हेच."

रोहिणीबाई "विहीणबाई, अहो, त्याचं असं झालं..." म्हणत कलंडलेलं तबक सावरू लागल्या. इंदुमतीबाई ताटलीकडे वाकल्या. "आणि हे काय हाय? ह्याच्यावर काय लिहिलंय?"

मी दुसरं कार्ड वाचलं. "वैजयंतीने केले. तिसरा प्रयत्न. दात सांभाळून."

फस्सकन कुणीतरी हसलं. बघते तर शैला, थोरली सून. तिनं तोंडावर पदर दाबला होता, पण खांदे हलत होते. सासूनं तिच्याकडे वळून बघितलं तरी तिचं थांबेना. डोळ्यांतून पाणी आलं पोरीच्या.

इंदुमतीबाईंनी ताटलीतली एक नानकटाई उचलली, चाचपली आणि चावली. कट्ट असा आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला. त्या चावत राहिल्या. आम्ही सगळ्या उभ्या. रोहिणीबाईंचे ओठ हलत होते, बहुधा रामरक्षा असावी.

"तूप चांगलं फेसलंय," अखेर बाई म्हणाल्या. "भाजायचं कळत न्हाई पोरीला."

"शिकेल हो," रोहिणीबाई घाईनं म्हणाल्या.

"शिकेल म्हणजे? हवेत शिकेल? ह्या शिकवतील." माझ्याकडे बोट झालं. "खोटी साक्ष दिलीय ह्यांनी. दंड नको? दर गुरुवारी पाठवणार मी तिला. आणि शैले, हसतीस काय? तुलाही जायचंय."

"मला शिवण येतं, आत्याबाई," शैला डोळे पुसत म्हणाली. "मला ते आवडतं."

"मग आधी का न्हाई सांगितलंस?"

"विचारलंच नाही कुणी."

इंदुमतीबाई तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "ती पहिली चिठ्ठी परत वाचा. मागच्यांना ऐकू गेलं न्हाई."

मी वाचली, मोठ्यानं. सहा वर्षं या गावच्या मांडवांत माझ्या हातचं मांडलं जात होतं. नाव ऐकू आलं ते त्या दिवशी, आणि तेही माझ्याच तोंडून.

"शुक्रवार पेठेतल्या का ह्या?" मागून एक आवाज आला. "मग आमच्या सुरेखाच्या रुखवतातला तो मोर..."

आवाज तिथंच तुटला. मी वळून पाहिलं. वही घरी होती, पण मला तिची गरज नव्हती. त्या घोळक्यात माझ्या मोरांच्या, पाळण्यांच्या, बैलगाडीच्या आठ नवऱ्या मुली उभ्या होत्या, पाचजणींच्या आया होत्या आणि सहाजणींच्या सासवा. सासवा सुनांना पायांच्या नखापासून वरपर्यंत बघत होत्या. सुना छतावरच्या पताका मोजत होत्या. एका आईला एकाएकी आपलं मूल हरवल्याचं आठवलं. तिची मुलं तर कॉलेजात होती.

"गप का बसलात गं?" इंदुमतीबाई दुसरी नानकटाई उचलत म्हणाल्या. "आपापल्या मोराचं बघा की."

पुढच्या मोसमात माझ्याकडे बावीसऐवजी नऊच रुखवतं आली. नवांच्या नवांवर माझं नाव होतं, आणि शेजारी एकेका ताटलीत मुलींचं स्वतःचं काहीतरी. एकीनं नुसते भाजलेले शेंगदाणे मांडले होते, पण काय खमंग भाजले होते! त्याच्या पुढच्या वर्षी एकतीस आली.

पण ते नंतरचं. त्या दिवशी मी गर्दीतून सुटून आतल्या खोलीत गेले. पिवळ्या अष्टपुत्रीत वैजयंती पाटावर बसली होती, अन्नपूर्णेवर एकेक अक्षता वाहत. मला बघून तिनं तेवढंच विचारलं.

"खाल्ली का त्यांनी?"

"दुसरी चाललीय."

तिनं डोळे मिटले. मुठीतल्या सगळ्या अक्षता एकदम अन्नपूर्णेवर पडल्या.

"मग काकू, आधी पाणी नेऊन द्या त्यांना," ती म्हणाली. "घशात बसते ती."

मी तांब्या भरून घेतला आणि धावत बाहेर आले.